आपलाच काटा, आपलंच माप: चौथीच्या गणिताबद्दल एक खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणारे विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

4 डिसेंबर 2024 या एकाच तारखेला दोन गोष्टी घडल्या. आपल्याकडे 'परख' या केंद्राच्या मूल्यमापन केंद्राचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववीची एकवीस लाखांवर मुलं त्या दिवशी पेपर सोडवत बसली होती. आणि त्याच दिवशी 'टिम्स 2023' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल लागला. पन्नासहून जास्त देशांतल्या चौथीच्या मुलांना गणित किती येतं, ते त्यात होतं. सिंगापूर 615, तैवान 607, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग 594, जपान 591. तळाला दक्षिण आफ्रिका, 362. यादी वरून खाली वाचा की खालून वर, भारत सापडत नाही. आपण परीक्षेला बसलोच नव्हतो.

या गोष्टीवर विधानसभेत एक प्रश्न विचारला गेला असेल, तर तो माझ्या वाचनात आलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नोकरीभर प्राथमिकचे वर्ग घेतले, त्यातही चौथी जास्त. आता निवृत्त आहे. (नोकरीत असताना असं पत्र लिहिलं असतं तर उत्तराऐवजी खुलासा मागवणारी नोटीस आली असती.) नंदनवनात राहते. दुपारी वस्तीतली मुलं वह्या घेऊन घरी येतात. मनपाच्या शाळेतली असतात, अनुदानित शाळेतली असतात, आणि आजकाल निम्मी तरी इंग्लिश मीडियमची असतात. मी कुणाकडून फी घेत नाही, त्यामुळे मला कुणाचा निकाल चांगला दाखवायची गरज नाही. एवढं स्वातंत्र्य आपल्या खात्यात फार थोड्यांना आहे.

आता या मुलांचं गणित कसं चालतं ते सांगते. मी एक उदाहरण घालते: सहलीला 30 मुलं जायची आहेत, एका व्हॅनमध्ये 8 मुलं बसतात, तर किती व्हॅन लागतील? पाचवीतला मुलगा झपाट्यानं भागाकार मांडतो. आठ त्रिक चोवीस, बाकी 6. उत्तर लिहितो 3, खाली दोन रेघा मारतो आणि वही पुढे सरकवतो. मी विचारते, "मग त्या सहा पोरांचं काय?" तो माझ्याकडे असा बघतो, जणू मीच काहीतरी चुकीचं विचारलं. म्हणतो, "ते बाकी आहे ना जी बाई. बाकी खाली लिहितात." सहा मुलं शाळेच्या फाटकात उभी राहिली, आणि पेपरात मात्र भागाकार बरोबर म्हणून मार्क मिळाले.

इंग्लिश मीडियमची मुलगी त्याच उदाहरणाशी दुसऱ्याच जागी अडते. ती भागाकारापर्यंत पोचतच नाही. वाक्य दोनदा वाचते आणि विचारते, "मॅडम, यात प्लस करायचं की डिव्हाइड?" मी सांगितलं डिव्हाइड, की पुढचं ती बिनचूक करते. आईवडलांनी पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीमध्ये तिला क्रिया आल्या, कोणती क्रिया कधी करायची ते आलं नाही. मराठी शाळा सोडून इंग्रजीत घातलं म्हणजे गणित सुटलं असं मानणाऱ्या पालकांनी हे एकदा घरी करून बघावं.

आणखी एक. 8 + 4 = □ + 5. चौकटीत काय येईल? बहुतेक मुलं 12 लिहितात. काही हुशार 17 लिहितात, सगळ्यांची बेरीज करून. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी सूचना, असं त्यांनी पहिलीपासून पाहिलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या असतात, हे त्यांना कधी दिसलंच नाही. हीच मुलं सातवीत समीकरणांपाशी गळतात, आणि आपण म्हणतो पोरगं गणितात कच्चं आहे.

हे तुम्हाला एवढ्या तपशिलात सांगते, कारण टिम्स नेमकं हेच मोजते. 1995 पासून दर चार वर्षांनी चौथी आणि आठवीसाठी ती होते (1999 ला फक्त आठवीची झाली). चौथीच्या गणितात साधारण 40 टक्के भाग 'माहीत आहे का' याचा, 40 टक्के 'वापरता येतं का' याचा, आणि उरलेले 20 टक्के 'विचार करून पटवता येतं का' याचा. आमची पिढी पावकी, निमकी, दीडकी घोकून मोठी झाली आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण ते सगळं पाठांतर पहिल्या खणात जातं. व्हॅनचं उदाहरण दुसऱ्या खणातलं आहे, आणि आपली मुलं तिथेच अडखळतात असं माझ्या ओट्यावर रोज दिसतं. राज्यभर काय दिसतं ते सांगायला आपल्याकडे कुणी नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे.

या देशाने आंतरराष्ट्रीय चाचणी एकदा देऊन पाहिली होती. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा'. तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले होते. निकाल डिसेंबर 2011 मध्ये आला. गणितात तामिळनाडू 351, हिमाचल 338, आणि त्यांच्याही खाली फक्त किर्गिझस्तान. त्यावर दिल्लीने सांगितलं की प्रश्न आपल्या सामाजिक-सांस्कृतिक वातावरणाला धरून नव्हते, आणि पुढच्या फेऱ्यांतून भारत बाहेर पडला. 2019 मध्ये पुन्हा करार झाला. केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि चंदीगड बसणार असं ठरलं. म्हणजे पुन्हा निवडक. करोनामुळे ती फेरी 2021 वरून 2022 वर गेली, आणि 2022 च्या निकालातही भारत नाही.

पेरूचं पाहा. 2012 च्या पिसात 65 सहभागींमध्ये पेरू सगळ्यात शेवटी होता, गणितात 368. त्या देशातही आरडाओरडा झाला असणार. पण पुढच्या फेरीला पेरू पुन्हा बसला. 2015 मध्ये 387, 2018 मध्ये 400. ज्या दक्षिण आफ्रिकेचं नाव मी वर तळाला लिहिलं, ती तर चौथीऐवजी पाचवीची मुलं बसवते, तरी तळाला येते, आणि तरीही बसते. पाकिस्तान 2019 मध्ये टिम्सला बसला, चौथीच्या गणितात 328 मिळाले, म्हणजे शेवटून दुसरा. या देशांची फजिती झाली हे खरं. पण त्यांच्या शिक्षण खात्याकडे आज एक आकडा आहे, ज्याच्याशी उद्याचा आकडा ताडून बघता येईल.

सांस्कृतिक वातावरणाचं म्हणाल, तर दुबई टिम्समध्ये स्वतंत्रपणे उतरते आणि तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतली मुलंही ती चाचणी देतात. तिथे गेलेल्या आपल्याच पोरांना प्रश्न कळतात, मग इथे राहिलेल्यांना का कळू नयेत?

दुसरी तक्रार आपल्या स्वतःच्या मोजमापाची. इतवारीतल्या किराणा दुकानदाराचा काटासुद्धा वैधमापन खात्याचा माणूस येऊन तपासतो, शिक्का मारतो, आणि शिक्क्याची मुदत संपली तर दंड लावतो. शिक्षण खात्याचा काटा कोण तपासतो? राज्यात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. पेपर वर्गशिक्षक घेतात, वर्गशिक्षकच तपासतात, आणि गुण तेच भरतात. ज्याच्या वर्गाचा निकाल खराब आला त्याची केंद्रप्रमुखांसमोर झाडाझडती होते. अशा पद्धतीत गुण कोणत्या दिशेनं सरकतील ते सांगायला गणितज्ञ लागत नाही. शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी बसून मी हे सगळं पाहिलेलं आहे.

राष्ट्रीय सर्वेक्षणाची तऱ्हा वेगळी. 2021 ला ते तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचं झालं आणि गुण 500 पैकी दिले: गणितात देशाची सरासरी तिसरीला 306, पाचवीला 284, आठवीला 255, दहावीला त्याहूनही कमी. वर्ग वाढला की आकडा उतरत जातो, ते बघून घ्या. 2024 ला इयत्ता बदलल्या, तिसरी, सहावी, नववी झाल्या, आणि निकाल टक्क्यांत आला: 60, 46, 37. उतरण तीच. पण 2021 पेक्षा आपण सुधारलो की घसरलो, हे या दोन निकालांवरून सरळ सांगता येत नाही, कारण इयत्ताही वेगळ्या आणि मापही वेगळं. तीन वर्षांनी पट्टी बदलायची आणि मग उंची वाढली का म्हणून विचारायचं, हे खात्याला कसं पटलं कोण जाणे.

'परख'च्या त्याच अहवालात आहे की सहावीतल्या 53 टक्केच मुलांना चार क्रिया, त्यांचे परस्परसंबंध आणि निदान दहापर्यंतचे पाढे येतात. 'प्रथम' संस्थेचा 'असर 2024' हा पाहणी अहवाल म्हणतो, ग्रामीण भारतात पाचवीतल्या 30.7 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं. हा आकडा 2022 मध्ये 25.6 होता, म्हणजे सुधारणा आहे आणि ती मानायला हवी. पण 'असर' घरोघरी जातं ते खेड्यांत. नागपूर शहर, मनपाच्या शाळा, नंदनवन, जरीपटका, महाल, यातलं काही त्यात येत नाही. माझ्या शहरातल्या पाचवीच्या मुलांना भागाकार येतो का, हे विश्वासानं सांगणारा एकही कागद मला आजवर मिळाला नाही.

तिसरी तक्रार. न मोजता निर्णय घेण्याची आपल्याला सवय लागली आहे. पाठ्यपुस्तकांत धड्यामागे वहीची कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी होणार होतं. दोन वर्षांत ती पानं काढली. या काळात मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला ते कुणी तपासलं असेल तर अहवाल दाखवा, मी पत्र मागे घेते.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असंही वाचायला दिलं. चिनी, जपानी, कोरियन मुलं 21 ला 'दोन दहा एक' अशाच धर्तीवर म्हणतात, आणि दशक-एककाची समज त्यांना लवकर येते याचं एक कारण ते मानलं जातं. आपल्याकडे पंचवीस म्हटलं की मुलाला पाच आधी ऐकू येतो आणि पुष्कळ मुलं 52 लिहितात. एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकून 69 लिहितात. पहिली-दुसरीला शिकवलेल्या कुठल्याही बाईंना विचारा. पुस्तक करणाऱ्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे शांतपणे समजावून सांगायचा प्रयत्न केला. विधानसभेत त्याची थट्टा झाली, वर्तमानपत्रांत मराठी बुडाल्याचे अग्रलेख आले. मला स्वतःला दोन्ही पद्धती शिकवाव्यात असं वाटतं, पण माझ्या वाटण्याला किती किंमत द्यायची? शंभर शाळांत एक पद्धत, शंभर शाळांत दुसरी, वर्षाच्या शेवटी एकच चाचणी, एवढंच करायचं होतं. बाजू घेऊन भांडायला सगळे होते, चाचणी घ्यायला कुणी नव्हतं. 2025 चा उन्हाळा तर पहिलीपासून तिसरी भाषा असावी का यावर गेला. शासन निर्णय निघाले आणि रद्द झाले. गणितासाठी असा एक तरी आठवडा भांडला असतात तर बरं वाटलं असतं.

चौथी तक्रार सगळ्यात जुनी, म्हणून थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे रामटेक-पारशिवनीकडच्या एखाद्या झेडपी शाळेत दोन माणसं पाच इयत्ता सांभाळतात. त्यातला एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेला की एकच उरतो. त्यावर 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याचा, शासन निर्णय आला, ज्यात लहान पटाच्या वर्गांना शिक्षकाचं पदच मिळणं कठीण झालं. सिंगापूरमध्ये शिक्षकाला वर्षाला 100 तासांपर्यंत प्रशिक्षणाची मुभा आहे. जपानमध्ये एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे मागे बसून मुलं कुठे अडतात ते टिपतात आणि मग सगळे मिळून तोच पाठ सुधारतात. आमच्या प्रशिक्षणात लिंक येते, व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवला जातो आणि शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड होतं. दर अधिवेशनात यशवंत स्टेडियमजवळ शिक्षक मांडव टाकून बसतात. पगार आणि अनुदान मागतात, आणि ते त्यांना मिळालंच पाहिजे. पण त्या मांडवात जाऊन 'तुमच्या वर्गातली मुलं भागाकारात कुठे अडतात हो?' असं विचारणारा मंत्री मी पाहिलेला नाही.

आता माझ्याच बाजूचे लोक काय म्हणतील तेही मला माहीत आहे. क्रमवारीच्या मागे लागून आपण मुलांना कोरिया करणार का? नको. कोरिया, जपान, तैवानची मुलं गुणांत पुढे असली तरी 'मला गणित आवडतं' म्हणण्यात मागे आहेत, हे त्याच टिम्सच्या प्रश्नावलीत दिसतं. कोरियातलं संध्याकाळचं ट्यूशनचं वेड तर आपल्या कोटा-नागपूर कोचिंगला लाजवील असं आहे. शिवाय तुलनेत खाचखळगे आहेत. तुर्कस्ताननं 2023 मध्ये 553 गुण मिळवले, पण बसवली पाचवीची मुलं. श्रीमंत देश, गरीब देश, घरात पुस्तकं किती, हे सगळं आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून मला पहिला नंबर नको. मला इंग्लंडसारखा आलेख हवा आहे: 1995 मध्ये 484, 2003 मध्ये 531, 2019 मध्ये 556, 2023 मध्ये 552. मधल्या काळात त्यांनी शांघायहून शिक्षक बोलावले, आपले तिकडे पाठवले, चौथीच्या मुलांसाठी पाढ्यांची देशभर चाचणी सुरू केली. यातलं काय उपयोगी पडलं यावर तिथे आजही वाद आहेत. पण वाद घालायला त्यांच्यासमोर जवळजवळ तीस वर्षांचे आकडे आहेत. आणि पैसा हेच कारण म्हणाल, तर 2012 च्या पिसात व्हिएतनामला गणितात 511 होते आणि अमेरिकेला 481.

आता मागण्या. सरळ लिहिते.

चौथीच्या टिम्समध्ये भारतानं भाग घ्यावा असा ठराव याच अधिवेशनात करून केंद्राकडे पाठवा. 2027 ची फेरी तोंडावर आहे, त्यात नाव घालणं आता अवघड, हे समजतं. 2031 साठी तयारी आजपासून होऊ शकते. देश तयार नसेल तर महाराष्ट्रानं एकट्यानं बसायची परवानगी मागावी. दुबई बसते, कॅनडातलं ओंटारियो आणि क्वेबेक बसतात. त्यात काही जगावेगळं नाही. मात्र नमुना खरा असावा: झेडपी, मनपा, आश्रमशाळा, अनुदानित, विनाअनुदानित, सगळी माध्यमं. साधारण दीडशे शाळा आणि चार-एक हजार मुलं पुरतात. निवडक शाळा पाठवून नाक वर करायचं असेल तर खर्च करूच नका.

तोवर, येत्या वर्षापासून राज्यात चौथीच्या गणिताची एक नमुना चाचणी घ्या. ती घेणारे आणि तपासणारे त्या शाळेचे नसावेत आणि खात्याचेही नसावेत. शहरं वगळू नका. दरवर्षी पट्टी तीच ठेवा. विभागवार आणि माध्यमवार निकाल लोकांसमोर ठेवा. विदर्भ कुठे आहे ते आम्हाला बघू द्या, वाईट असेल तरी.

या निकालावरून कोणत्याही शाळेची क्रमवारी लावू नये, कोणत्याही शिक्षकाला नोटीस देऊ नये, हे शासन निर्णयातच लिहा. ते लिहिलं नाही तर पहिल्याच वर्षी आकडे सजवले जातील, आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

15 मार्च 2024 च्या निर्णयाचा फेरविचार करा, आणि पाचवीपर्यंतच्या प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकाला गणित शिकवण्याचं, प्रत्यक्ष वर्गात बसून दिलेलं प्रशिक्षण मिळेल अशी सोय करा. निवडणुकीचं काम कायद्यानं सोडता येत नसेल तर दोन शिक्षकी शाळेतला शिक्षक त्यासाठी उचलू नका.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. अधिवेशनात एक तास, फक्त प्राथमिक गणितावर चर्चा. विरोधी पक्षानं मागावा, सत्ताधाऱ्यांनी द्यावा. ज्यांना तयारीसाठी वर्ग बघायचा असेल त्यांनी सिव्हिल लाइन्समधून निघून कोणत्याही मनपा शाळेत जावं, आणि पाचवीच्या फळ्यावर व्हॅनचं ते उदाहरण लिहावं. सोबत कॅमेरे नेऊ नयेत, मुलं बुजतात.

या पत्राची प्रत मी आपल्या कार्यालयात पोस्टानं पाठवते आहे. 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग करण्यात आले आहे' असं छापील उत्तर कृपया पाठवू नये. प्रत्येक मागणीसमोर होय, नाही किंवा कधीपर्यंत, एवढं लिहिलं तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नंदनवन, नागपूर